फायूमची ममीचित्रे: रोमन दालनात की इजिप्तच्या?

पुराणवस्तू (धागाकर्ता)

रोमन अमलाखालच्या इजिप्तमधल्या फायूम प्रदेशातली ममीचित्रे, म्हणजे ममीच्या चेहऱ्यावर बसवलेली, लाकडी फळीवर रंगवलेली मृताची चित्रे, बऱ्याच संग्रहालयांत नुसती चौकटीत लावलेली दिसतात. टपोरे डोळे, कानात मोती, खाली पाटी: दुसरं शतक, मेणरंग, लाकूड. मला हे पटत नाही. ही चित्रे इजिप्तच्या अंत्यविधीतली वस्तू आहेत. ती ममींच्या दालनातच, त्या विधीसकट मांडायला हवीत.

ब्रिटिश म्युझियममधला आर्तेमिदोरस घ्या. इ.स. 100 ते 120 च्या सुमाराची ही ममी पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींना 1888 साली फायूममधल्या हवाराला मिळाली. नाव ग्रीक, केस रोमन वळणाचे, डोक्यावर सोनेरी पानांचा मुकुट. पण नजर गळ्याखाली न्या. लाल गिलाव्यावर सोन्याच्या वर्खात ममी बनवण्याचा देव अनुबिस मृतदेहाची सिद्धता करतोय, आणि त्याही खाली मृतांचा देव ओसायरिस पुन्हा जागा होतोय. सीटी स्कॅननुसार हा मुलगा विशीच्या आसपासचा होता. घरच्यांनी त्याच्यासाठी काय मागितलं ते त्या सोन्यात आहे. चेहरा तेवढा कापून भिंतीवर लावला की ती मागणीच पुसली जाते.

मेणकाम

अजिबात सहमत नाही. ही चित्रे ज्या लाकडावर आहेत त्यातलं बरंचसं लिंडेन या झाडाचं, म्हणजे इजिप्तमध्ये न उगवणारं, बाहेरून आणलेलं. मेणात रंग कालवून, ते गरम असताना लावायचं तंत्र ग्रीक. किंचित वळलेला चेहरा, एका बाजूने येणारा उजेड, नाकाच्या शेंड्यावरचा पांढरा ठिपका, यातलं काहीही फारोंच्या काळच्या चित्रकलेत नाही. जुन्या ग्रीक चित्रकारांची नावं ग्रंथांत उरली, त्यांच्या फळ्या कुजून गेल्या. इजिप्तच्या कोरड्या वाळूत तेवढ्या या साधारण 900 फळ्या टिकल्या. एका अख्ख्या कलेचा हा शिल्लक पुरावा अनुबिसच्या शेजारी कोपऱ्यात ठेवायचा?

आणि या माणसांना काय हवं होतं म्हणता, तर त्यांचे कर बघा. इ.स.पू. 30 मध्ये रोमने देश घेतला आणि लोकांची प्रतवारी लावली. सामान्य इजिप्शियन माणसाला पूर्ण डोईपट्टी, जिल्ह्याच्या मुख्य गावातल्या नोंदलेल्या कुटुंबांना सवलत. फायूममध्ये तर ‘6475 हेलेनी’ (म्हणजे ग्रीक) असा मानाचा वर्गच कागदपत्रांत आहे. ग्रीक दिसणं, ग्रीक म्हणवणं हा तिथे रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. त्यांनी स्वतःला जसं दाखवलं तसंच आपण मांडावं.

नदीकाठ

मेणकाम, प्रतवारीचा मुद्दा बरोबर, पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. ग्रीक म्हणवून घेणाऱ्या याच घरांनी मयताला अग्नी दिला नाही. आतडी काढणं, मीठ, राळ, तागाच्या पट्ट्या, हा सगळा खर्च केला. ज्याला नुसतं ग्रीक म्हणून मिरवायचंय तो हे कशाला करेल?

शिवाय फायूमवरच का थांबता? मध्य इजिप्तमध्ये, तुना अल-गबलच्या बाजूला, त्याच काळात प्लास्टरचे मुखवटे करत. केशरचना रोमच्या ताज्या फॅशनची, काहींना काचेचे डोळे बसवलेले. तुतानखामुनच्या सोन्याच्या मुखवट्याचं जे काम तेच यांचं: मेलेल्याला पुढच्या जगात चेहरा देणं. लाकडी फळीने ते काम रंगात केलं. मुखवटे इजिप्तच्या दालनात आणि फळ्या रोमनच्या, ही विभागणी त्या काळच्या कुणालाही कळली नसती.

आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात. ते उचलून चांदीकामाच्या कपाटात ठेवले तर कारागिरी दिसेल, पण घरातले लोक त्यांच्याकडे का बघत होते हे कुणाला सांगता येईल?

वाळवंटी

वाद छान चाललाय, पण ममी आहेत कुठे? 1887 मध्ये फायूममधल्याच अर-रुबायातला फळ्या सापडल्या. थिओडोर ग्राफ या व्हिएन्नाच्या व्यापाऱ्याने त्या घेतल्या आणि युरोपभर विकल्या. देह गेले. आज शरीराला जोडलेली चित्रे शंभराच्या आत आहेत. बाकीच्यांचं काय करणार, खोट्या ममी बनवणार?

पुराणवस्तू

वाळवंटी, खोटी ममी नको. पण फळी स्वतःच बोलते. कित्येकींचे वरचे कोपरे पट्ट्यांत बसावेत म्हणून छाटलेले आहेत, कडांना राळ आणि कापडाचे धागे चिकटलेले आहेत. चौकट नेमकं तेच झाकते! ती काढा, कडा दाखवा, शेजारी आर्तेमिदोरससारखी एखादी अखंड ममी ठेवा. पेट्रींनी आणलेली काही चित्रे आधी लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेली आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये आली. म्हणजे जागा बदलता येते.

मेणकाम

कडा दाखवा, त्याला माझी हरकत नाही. दालन मात्र रोमनच. पेट्रींना हवाराच्याच एका कबरीत चौकटीसकट रंगवलेलं चित्र मिळालं होतं, म्हणजे घरात टांगायची चित्रे तिथे होती. ममीवरची काही चित्रेही आधी भिंतीवर असतील, असं मानणारे अभ्यासक आहेत.

नदीकाठ

काही असतील. पण म्युनिकमधल्या लहान मुलाच्या ममीचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. सीटी स्कॅनवरून मूल तीन-चार वर्षांचं निघालं, स्कॅनवरून चेहरा घडवला आणि तो चित्राशी बराच जुळला. चित्रात मूल जरासं मोठं दिसतं एवढंच. इतक्या लहान पोराचं चित्र भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं असणार नाही. ते मरणाच्या आसपासच, त्या पट्ट्यांसाठीच काढलं असणार. पेट्रींच्याच अंदाजाने हवारात शंभर ममींमागे एकदोघींनाच चित्र होतं. इतका दुर्मीळ खर्च एका तान्ह्यासारख्या पोरासाठी केला गेला. तो कुणी कशासाठी केला, हे मला रोमन दालनातल्या पाटीवर कधी वाचायला मिळालेलं नाही.