मदत हवी आहे: वाचनालयात पाणी शिरलं, तीनेकशे पुस्तकं भिजली

तळमजला_ठाणे: काल रात्रीच्या पावसात खालच्या दोन फळ्या पाण्यात होत्या. कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, जुने दिवाळी अंक. पाऊस थांबलेला नाही. आम्ही तिघं आणि चार पंखे. सुरुवात कशापासून करू? अनुदानित वाचनालय आहे, तेव्हा बाद पुस्तकांची नोंद कशी करायची तेही सांगा.

कसर: ४८ तासांत बुरशी धरते, म्हणून आधी वर्गवारी. गुळगुळीत पानांचे अंक सर्वांत आधी. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो; ओला गठ्ठा तसाच वाळला की वीट होते, मग पानं सुटत नाहीत. नुसते दमट झालेले अंक लगेच सुटे करून पानांत कागद घाला. चिंब भिजलेलं पुस्तक मात्र उघडू नका, पान हातात येतं.

टीपकागद: वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. कोरा न्यूजप्रिंट आणा. दर २०-२५ पानांनी एक कागद, दर दोन-तीन तासांनी बदला. जास्त कोंबलेत तर पुस्तक फुगून बांधणी फाटते. पंख्याचा झोत थेट पानांवर नको. खिडक्या बंदच ठेवा, बाहेरची हवा पुस्तकांहून दमट आहे! एसी असेल तर ड्राय मोडवर.

तळमजला_ठाणे: पण तीनशे एकदम कशी वाळवणार?

कसर: वाळवायची नाहीतच. चिंब भिजलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत, कणा खाली करून, कुणा आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. बुरशी थांबते. मग रोज दहा-दहा काढा. वाळलं का ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. पुरतं वाळेपर्यंत देवघेवीत नको, शेजारच्या पुस्तकांनाही कुबट वास लागतो.

जुना_ग्रंथपाल: दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितो त्या वहीत, खाडाखोड करू नका. भिजलेल्यांची दाखल क्रमांकानुसार यादी, फोटो, कार्यकारी मंडळाचा ठराव. मग त्या वहीच्या शेऱ्यात ठरावाचा क्रमांक व तारीख. बाद पुस्तकाचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला द्यायचा नाही. जुनी आवृत्ती बाद करण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा. १८९३ची संस्था आहे, प्रत असू शकते. नसेल तर तुमचीच वाचवा, कितीही कळकट झाली तरी.

टीपकागद: आणि खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर घ्या. आत्ताच, पुस्तकं बाहेर आहेत तोवर.