साहेबाचा ओटा आणि हेलियम: तीस वर्षांची गल्लत कधी थांबणार?

वर्णरेषा
घरच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच मजकूर आला. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना हेलियम शोधला.’ खाली अंगठ्यांची रांग. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी गप्प बसते, या वेळी बसवत नाही.

१८६८ च्या ग्रहणाला लॉकियर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ भारतात नव्हतेच. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मछलीपट्टणमला, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे उजेड फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यात, पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमचीच असं बहुतेकांनी धरून घेतलं. लॉकियरनी ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. ही रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही, ती नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, हे त्यांनी धरून ठेवलं. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळवलासुद्धा होता.

सालाच्या चुकीपेक्षा जास्त त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शोध काय होता हेच या मजकुरात हरवतं. १८३५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँतनी लिहिलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. चोवीस वर्षांत जर्मनीच्या किर्खहॉफ आणि बुन्सेननी उजेडातल्या रेषांवरून पदार्थ ओळखून ते खोटं ठरवलं. डाळीचं पाणी उतू जाऊन बर्नरवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. तीच खूण सूर्याच्या उजेडात सापडते. आकाशातला पदार्थ वेगळा आणि खालचा वेगळा, ही हजारो वर्षांची समजूत तिथे संपली. हे सांगा की मुलांना!

देवगडकर
ताई, तुमची पुस्तकं तुमच्याजवळ ठेवा. मी सात वर्षांचा असताना आजोबांनी मला किल्ल्यावरच्या त्या साहेबाच्या ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, ‘इथं साहेब दुर्बीण लावून बसला होता.’ खाली खाडीचं पाणी, वर उन्हात तापलेला दगड, हाताला चटका बसत होता. विज्ञानाचं वेड मला तिथे लागलं. आज हेलियम दिनाला किल्ल्यावर शाळेची पोरं येतात. ते बंद पाडायचंय का? कोकणात काही चांगलं झालं की पुण्या-मुंबईचे लोक पुरावे मागायला पुढे!

वर्णरेषा
मी कणकवलीची आहे, पुण्याची नाही. आणि आजोबांनी सांगितलं त्यात काहीच खोटं नाही. साहेब बसला होताच, १८९८ साली. पुरावा म्हणाल तर लॉकियर आणि जान्सेन यांची ज्वाळांच्या वर्णपटाबद्दलची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली, दोघांचे चेहरे असलेलं पदक फ्रान्सनं काढलं. लॉकियरचं पत्र इंग्लंडहून गेलं होतं, विजयदुर्गाहून नव्हे.

जेऊरची
१८९८ चा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. त्याच ग्रहणाला आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला तळ ठोकून होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलसुद्धा जेऊरलाच. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीनं पुण्यात वेधशाळा उभी केली होती, वीस इंची दुर्बिणीची! १९१२ मध्ये ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिला भावनगर दुर्बीण म्हणतात. मी जेऊरच्या स्टेशनवरून हजारदा गाडी पकडली, पण हे मला कळलं वयाच्या चाळिशीत. लॉकियरचा ओटा सगळ्यांना ठाऊक, नायगमवाला कोणालाच नाहीत. याची चीड कोणाला येत नाही?

जुना_मास्तर
मला नाही येत. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो: नावांनी काही होत नाही. मी लागलो त्या शाळेत उजेडाचे रंग फोडणारा काचेचा एकच लोलक होता, तोही कपाटात कुलूपबंद. मुलं ‘तानापिहिनिपाजा’ घोकायची, पण भिंतीवर पडलेला पट्टा एकानंही पाहिलेला नव्हता. वरिष्ठांशी भांडून मी किल्ली घेतली. दुपारी दार लोटून फटीतून ऊन आत घेतलं आणि लोलक धरला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून भिंतीपाशी आली आणि तांबड्या रंगावर बोट ठेवून उभी राहिली. तिला कावसजी माहीत असते तर काय फरक पडला असता?

जेऊरची
पडला असता, गुरुजी! आपल्याच जिल्ह्यात हे कोणीतरी केलंय हे ठाऊक असलेली मुलगी कुलपाची किल्ली स्वतः मागते. नावांनी काही होत नाही, हे ज्यांची नावं छापली जातात त्यांनी म्हणावं. आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं (तापलेल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं) समीकरण मांडलं, त्यामुळे ताऱ्यांच्या रेषांवरून तापमान आणि मूलद्रव्यांचं प्रमाण काढता आलं. ते वापरून सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीनं १९२५ मध्ये दाखवलं की सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे, खालोखाल हेलियम. तोवर सगळे धरून चालले होते की सूर्याची घडण पृथ्वीसारखीच. हेन्री नॉरिस रसेल या बड्या खगोलशास्त्रज्ञानं हे अशक्य म्हटलं, आणि आपला आकडा बहुधा खरा नाही असं तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल त्याच निष्कर्षाला आले, आणि पुढे कित्येक वर्षं श्रेय त्यांनाच मिळत राहिलं. नाव महत्त्वाचं नाही म्हणता?

जुना_मास्तर
पेनचं पटलं. आधी हे मला ठाऊक नव्हतं, शिकवताना सांगायला हवं होतं. पण क्रम माझाच बरोबर: आधी लोलक, मग नाव. रेषाच पाहिलेली नसेल तर साहांनी काय केलं हे मुलाला कुठून कळणार?

देवगडकर
विषय ओट्याचा होता, तुम्ही दोघं भलतीकडेच गेलात. ताई, एकच विचारतो. सोडियमच्या रेषा आणि ही रेषा यांत फरक किती? एवढ्याशा फरकावरून नवं मूलद्रव्य म्हणायचं धाडस कसं झालं?

वर्णरेषा
सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. जेमतेम दीड नॅनोमीटर. म्हणून तर बाकीच्यांनी ती सोडियमच्या खात्यात टाकली, आणि नंतरही सत्तावीस वर्षं कितीतरी रसायनशास्त्रज्ञ हेलियम मानायला तयार नव्हते. रॅमसेच्या नळीतला वायू त्याच जागी चमकला तेव्हा वाद मिटला.

देवगडकर
हे आमच्या फलकापेक्षा भारी आहे, एवढं मान्य करतो. ओट्यापाशी पोरांना यापुढे १८९८ सांगेन. पण हेलियम दिन मी सोडणार नाही, आणि आजोबा चुकले असंही कोणाला म्हणू देणार नाही. मास्तर, पुढच्या ऑगस्टला तुमचा लोलक घेऊन या. पाऊस असेल, ऊन मिळेलच असं नाही. बर्नर आणि मीठ मी आणतो.