प्रसाद नाकारायचा तर कसा

आम्ही ख्रिस्ती लोक देवाला वाहिलेला प्रसाद खात नाही. पण शेजाऱ्यांनी दिला तर "संबंध बिघडण्यापेक्षा प्रसाद गुपचूप घेऊन टाकावा" असं काहीजण म्हणतात, ते मत अजिबात पटत नाही. घेतलेला प्रसाद मग जातो कुठे? रुमालात, तिथून जिन्याच्या कोपऱ्यात. शेजारच्या काकूंना तो तिथे दिसला की नकारापेक्षा कितीतरी जास्त लागतं, आणि त्यांचं रास्तच आहे.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१०:२७-२९) नेमकं यावरच सांगितलं आहे. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण "हे देवाला वाहिलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, तेही सांगणाऱ्याखातर. म्हणजे सोलापुरात गड्ड्याच्या (संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत तिळगूळ, शेंगापोळी आनंदाने घ्या. सिद्धेश्वराचा प्रसाद म्हणून हात पुढे आला तर तिथल्या तिथे सांगा, "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, राग मानू नका. चहा मात्र घेणार." आणि चहा खरंच बसून घ्या, उभ्या उभ्या नको. कारण विचारलं तर दोन वाक्यांत द्या. येशूचा शिष्य पेत्रही (१ पेत्र ३:१५) विचारणाऱ्यालाच उत्तर द्यायला सांगतो, तेही सौम्यतेने. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: कोणी विचारलेलं नसताना दारात मूर्तिपूजेवर प्रवचन सुरू होतं.