राज्याचा ऑडिटर लोकांनी निवडून द्यावा का?

वुस्टरकर: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा ऑडिटर, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी, आम्ही दर 4 वर्षांनी मतदानाने निवडतो. डायना डिझोग्लिओ 2022 मध्ये निवडून आल्या आणि त्यांनी थेट विधिमंडळाचेच हिशेब मागितले. विधिमंडळाने नकार दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रश्न लोकांपुढे गेला, सुमारे 72 टक्के मतदारांनी ‘तपासा’ असा कौल दिला. नेमलेल्या अधिकाऱ्याची ही छाती झाली असती का? मला हे पद निवडणुकीचंच हवं.

पॅरावाले काका: नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात नोकरी झाली, म्हणून राहवत नाही. या बाई आधी त्याच विधिमंडळात कर्मचारी होत्या. नोकरी गेली तेव्हा गप्प राहण्याच्या करारावर त्यांना सही करावी लागली. पुढे आमदार झाल्या आणि 2018 मध्ये भर सभागृहात त्यांनी तो करार मोडला. धैर्य मोठंच. पण ज्याच्याशी आपलं भांडण, त्याचं दप्तर आपण तपासू नये. पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, कितीही बिनचूक असो, समोरचा ‘राजकारण’ म्हणून झटकून टाकतो. पेनसिल्व्हेनियात बॉब केसी ऑडिटर जनरल असतानाच 2002 मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उतरले होते. आपल्या राज्यघटनेच्या कलम 148 मध्ये कॅगला, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाला, निवृत्तीनंतर केंद्राचं वा राज्याचं सरकारी पद घेता येत नाही. त्यामुळे त्याला कुणाला खूश ठेवायचं कारण उरत नाही.

शाल्मली: काका, माणूस सुरक्षित, पण अहवालाचं काय? दिल्लीत कॅगचे 14 अहवाल अडकून होते, फेब्रुवारी 2025 मध्ये सरकार बदललं तेव्हा विधानसभेच्या पटलावर यायला लागले. तोवर त्यातलं बरंचसं शिळं झालेलं. तिकडचा ऑडिटर आपला अहवाल स्वतः प्रसिद्ध करतो.

पॅरावाले काका: हे दुखणं खरं आहे, आम्हीही सोसलंय. अहवाल ठरल्या मुदतीत पटलावर ठेवायची सक्ती करा, माझी पहिली सही घ्या. त्यासाठी प्रचारसभा नकोत. आणि वुस्टरकर, 72 टक्के कौलाला वर्ष उलटलं, दप्तर उघडलं का?

वुस्टरकर: नाही उघडलं. घटनेतल्या अधिकारविभागणीवर बोट ठेवून विधिमंडळ अडून बसलंय, आणि ॲटर्नी जनरलनेही, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनीही, ऑडिटरबाईंना न्यायालयात साथ दिली नाही. पण काका, गप्प राहण्याच्या त्या करारांवर आमच्या करातून किती पैसे गेले, हे त्या ऑडिटमध्येच कळणार आहे. स्वतः सही केलेल्या बाईशिवाय ते कुणी विचारलं असतं, असं मला वाटत नाही.