मदत हवी आहे: डॉकर कंपोजमध्ये मायग्रेशन नक्की कुठे चालवावं?

नमस्कार. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डॉकर कंपोज (अनेक कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचे वेगवेगळे डबे, एकत्र चालवणारं साधन) शिकतेय. फ्रंटएंड, पायथनमधलं एपीआय (फ्रंटएंडला डेटा पुरवणारा भाग) आणि पोस्टग्रेस डेटाबेस अशा तीन सर्व्हिस आहेत. नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तर कंपोज फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंत थांबतं, आतला डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार आहे का ते बघत नाही. म्हणून हेल्थचेक (सर्व्हिस तयार आहे का ते तपासणारी कमांड) लावून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घातली. एपीआय आता व्यवस्थित जोडलं जातं.

अडलंय ते डेटाबेसमधली टेबलं बदलताना, म्हणजे मायग्रेशन करताना. पोस्टग्रेस इमेजच्या सुरुवातीच्या स्क्रिप्ट डेटा फोल्डर रिकामं असेल तरच चालतात. माझा व्हॉल्यूम (डेटा टिकवून ठेवणारी जागा) भरलेला आहे आणि दरवेळी तो पुसून टाकणं मला अजिबात पटत नाही. मग मायग्रेशन एपीआयच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ठेवू, की एकदाच चालून बंद होणारी वेगळी सर्व्हिस करून एपीआयला 'सर्व्हिस कम्प्लिटेड सक्सेसफुली' या अटीवर थांबवू? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण उद्या एपीआयचे तीन कंटेनर चालवले तर तिघेही एकाच वेळी मायग्रेशन सुरू करतील.

प्रत्यक्ष कामात तुम्ही काय करता? आणि मायग्रेशन अर्ध्यात फसलं तर पुढची पावलं कशी टाकता? कृपया सविस्तर सांगा.