पहिला टचफोन आणि कोकणातले ओले हात : अनुभव धागा

साधारण २००९ ते २०१४ या काळात कोकणात ज्यांच्या हाती पहिला टचफोन आला, त्या सगळ्यांसाठी हा धागा. त्या फोनांनी फार छळलं. आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं : "तुला जमत नाही." मला ते तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा, डोंगराआड गेलेली रेंज आणि मराठीतून चालणारा सगळा व्यवहार, यातलं काहीच त्या फोनमध्ये धरलेलं नव्हतं. माणसं पुरेशी हुशार होती. म्हणून नेमकं काय अडायचं आणि त्यावर तुम्ही काय तोड काढलीत, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. रत्नागिरीत आमच्या आळीत पहिला टचफोन गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या खिशातून आला. आमच्या घरचा होता तो दाबायच्या पडद्याचा, म्हणजे रेझिस्टिव्ह. वर लवचीक थर, खाली कडक थर, मध्ये बारीक पोकळी. दाबलं की दोन थर टेकतात आणि फोनला जागा कळते. नुसतं बोट फिरवून काही होत नसे, म्हणून सोबत काडी यायची. काही महिन्यांत पडद्याचं गणित बिघडे. 'होय' दाबावं तर शेजारचं 'नाही' लागे. मग सेटिंगमध्ये जाऊन कोपऱ्यांतल्या फुल्या काडीने एकेक टिपल्या की तो ताळ्यावर यायचा. पण त्या सेटिंगपर्यंत पोचायला तोच चुकार पडदा दाबत जावं लागे, हा खरा छळ.

तरी एक गोष्ट आवर्जून सांगतो. भर जुलैत एसटी स्टँडवर छत्रीतून पाणी गळत असताना हाच फोन नखाने बिनबोभाट चालायचा. २००७ च्या आयफोननंतर जे पडदे रूढ झाले ते कपॅसिटिव्ह. बोट टेकल्यावर विद्युतभारात पडणारा फरक ते ओळखतात. काचेवर पाणी आलं की थेंब कुठला आणि बोट कुठलं याचा त्यांना उलगडा होत नाही, आणि सुरुवातीचे पडदे तर यात फारच कच्चे. कोकणाच्या पावसाला जुना पडदाच बरा होता, असं माझं ठाम मत आहे.

हर्णै, मासळीचा धंदा

वर पाण्याचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे संध्याकाळी होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो. हात कोळंबीत नाहीतर बर्फात, आणि नेमका तेव्हाच मुंबईहून मासळीचा भाव विचारायला फोन. बटणाच्या फोनवर हिरवं बटण दाबलं की झालं. टचफोनवर ती हिरवी खूण सरकवायची. ओल्या बोटाने ती अर्ध्यात जाऊन मागे यायची. पदराला हात पुसावा तर पदरही ओला, वर खवले चिकटलेले. तोवर फोन बंद, आणि पलीकडचा माणूस दुसऱ्याला विचारून मोकळा. पापलेटचा भाव त्या दोन मिनिटांत फिरतो हो! नुकसान माझं झालं आणि वर घरच्यांनी मलाच शिकवलं.

शेवटी मी इअरफोनची वायर ब्लाऊजच्या खांद्याला पिन करून ठेवायला लागले. त्या वायरवर एक बटण असतं, ते दाबलं की फोन उचलला जातो; पडद्याला हात लावायलाच नको. फोन कमरेच्या बटव्यात, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी पातळ आणि बाहेरून कोरडी असली तर वरूनही बोट चालतं, जाड असली तर नाही. ही युक्ती मग बंदरावर बऱ्याच जणींनी उचलली.

मालवण

आमचा विषय चौकोनांचा. मी तेव्हा ठाण्याला नोकरीला, बाबा गावी. त्यांना हौसेने नवा फोन घेऊन दिला. मी मराठीत मेसेज पाठवायचो आणि बाबांचा फोन यायचा, "झिला, ह्या काय धाडलंस? नुसते चौकोन दिसतत." त्या वेळच्या कितीतरी अँड्रॉइड फोनांत देवनागरी अक्षरं दाखवायची सोयच नसायची. अक्षर सापडलं नाही की त्याजागी रिकामा चौकोन. काही फोनांत अक्षरं दिसायची, पण मोडकी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराची डावी बाजू सोडून उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी पडायची.

एकदा आत्येच्या यजमानांच्या निधनाचा निरोप कोणीतरी मराठीत पाठवला. बाबांना तीन ओळी चौकोन दिसले. त्यांना वाटलं, कंपनीची जाहिरात असेल. संध्याकाळी शेजाऱ्यांकडून कळलं तोवर अग्नी देऊन झाला होता. बाबा त्या घरी मोठे होते. कोणी मुद्दाम काही केलं नाही, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही आणि माझ्याही गेलेली नाही. चौथी पास माणूस रोज अथपासून इतिपर्यंत पेपर वाचतो, आणि त्याच्या हातातला फोन त्याची भाषा वाचू शकत नाही, याचा मला अजून राग येतो.

वाचण्यापुरता एक उपाय सापडला होता. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कॉन्फिग' असं इंग्रजीत टाकलं की एक गुप्त यादी उघडायची. त्यात अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय होता, तो चालू केला की अक्षरं चित्र म्हणून यायची आणि मराठी बातम्या स्वच्छ दिसायच्या. मेसेजला मात्र याचा उपयोग नव्हता. तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मग मी सरळ फोन करायला लागलो.

(मालवणकरांच्या लिखाणावरून आठवलं) पेण

मराठी मेसेज महागही पडायचा. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीचा ७० चा. काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जायचं. साधी दिवाळीची शुभेच्छा तीन एसएमएस खायची, आणि सणाच्या दिवशी पॅकची सवलत लागू नसायची.

मंडणगड तालुका, प्राथमिक शिक्षक

माहिती शाळेच्या मेलवर मागवायला सुरुवात झाली होती, म्हणून फोन घेतला. गावात रेंज नाही. रेंज सड्यावर. शाळा सुटली की आम्ही दोघं-तिघं कातळावर जाऊन बसायचो. कुठल्या दगडाजवळ किती कांड्या येतात हे सगळ्यांना पाठ. टूजीवर एखादं अ‍ॅप उतरवायला लावलं की जवळजवळ संपत आलेलं असताना तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि पुरं उतरलंच तर "जागा अपुरी आहे"! खोक्यावर ४ जीबीचं कार्ड फुकट म्हणून लिहिलेलं, पण अ‍ॅपसाठीची फोनमधली जागा जेमतेम दीडशे-पावणेदोनशे एमबी. अ‍ॅप कार्डावर हलवलं तरी त्याचा काही भाग फोनमध्येच राहायचा. शिवाय फोनबरोबर आलेली नको ती अ‍ॅपं काढता यायची नाहीत, ती अपडेट होऊन आणखी फुगायची. मी दर शनिवारी मेसेज, नकाशे, सगळं पुसत बसायचो.

बॅटरीचं म्हणाल तर सकाळी भरलेली दुपारी संपायची. हे का होतं ते चिपळूणच्या दुरुस्तीवाल्या मित्राने समजावलं : टॉवर लांब असला की फोन आपली ताकद वाढवून ओरडत राहतो, आणि रेंज गेली-आली की पुन्हा शोध सुरू. त्याने नेटवर्क 'फक्त टूजी'वर करून दिलं, तशी निदान संध्याकाळपर्यंत टिकायला लागली. वर लोडशेडिंग होतंच. काढता येणारी बॅटरी ही त्या फोनांची एकमेव चांगली गोष्ट. मी दुसरी भरून दप्तरात ठेवायचो.

वेंगुर्ले

माझी आई काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, सोलते आणि पुन्हा येते ती राठ. बोटांची टोकं अगदी जाड झालेली. तिने काच दाबली, घासली, पुन्हा दाबली, तरी फोन ढिम्म. मी तेच बोट लावलं की उघडायचा. जाड, कोरडी कातडी असली की बोटाने विद्युतभारात पडणारा फरक काचेला नीट कळत नाही, हे मला फार नंतर कळलं. तोवर तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, "माका नाय जमणा, तूच लाव."

धागा काढणाऱ्या दादांनी पहिल्याच परिच्छेदात जे लिहिलंय, ते वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. हातावर खोबरेल चोळून ते पुसून टाकलं, की थोडा वेळ बरं चालायचं. पुढचे फोन आले तसा त्रास कमी झाला. आता ती नातवाला स्वतः व्हिडिओ कॉल लावते.

पावस, आंबा बागायतदार

२०१२ चा मोहर. पानांखाली तुडतुडे दिसत होते, आणि मोहरावर आणखी काहीतरी बारीक होतं ते नक्की कळत नव्हतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले एक ओळखीचे शास्त्रज्ञ म्हणाले, फोटो पाठवा. फोटो काढावा तर पिवळट धुकं. त्या स्वस्त फोनांच्या कॅमेऱ्याची भिंग एका जागी पक्की असायची. हातभर अंतरावरचं स्वच्छ, जवळचं सगळं पुसट. वडिलांचं पंचांग वाचायचं भिंग होतं, ते कॅमेऱ्यासमोर धरलं आणि फोन पुढे-मागे करत गेलो. एका जागी आल्यावर मोहराची दांडी एकदम धारदार दिसायला लागली. कीड, तिचे पाय, सगळं! भिंग एकाने धरायचं, फोन दुसऱ्याने, आणि वारा पडायची वाट बघायची. तेव्हापासून भिंग बागेत न्यायच्या पिशवीतच असतं.

फोटो पाठवणं हा दुसरा डोंगर. एमएमएस जायचाच नाही, फोटो मोठा म्हणून. मेलवर टाकून झोपायचं, सकाळी गेलेला असला तर नशीब. औषध फवारायला वेळ गाठावी लागते, त्यामुळे एक रात्रही महाग पडते.

कोकण रेल्वेने जाणारा-येणारा

थोडक्यात लिहितो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत गेलं की रेंज गेली, हे मान्य. पण बाहेर आल्यावर माझा फोन टॉवर शोधेपर्यंत पुढचं स्टेशन यायचं. एरोप्लेन मोड लावून काढला की लगेच सापडायचा. घरचे न्यायला आलेले असले की ही युक्ती फार कामी यायची.

देवगड, बोटीवर

जीपीएसचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोटीवर जीपीएसचं वेगळं यंत्र असतंच, पण लहान होडीला ते कुठलं? फोनात जीपीएस आहे असं ऐकून घेतला. समुद्रात उघडला तर नकाशा कोरा. निळा ठिपका आणि भोवती राखाडी. कारण नकाशा नेटवरून येतो, आणि नेट किनाऱ्यावरच राहिलं. जीएसएमचा टॉवर फार तर ३५ किलोमीटरपर्यंत पोचतो, तेही कागदावर.

ठिपका तरी लवकर यावा! उपग्रह आपली माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतात, सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. जमिनीवर फोन हे काम नेटच्या मदतीने झटक्यात उरकतो, समुद्रात त्याला ते आकाशातूनच घ्यावं लागतं. होडी हलत असली, मध्येच फोन खिशात टाकला की आणखी उशीर. मी बंदरातच, रेंज असताना, जीपीएस चालू करून आघाडीवर उघड्यावर ठेवायला लागलो. नकाशाचा नाद सोडला. नुसते अक्षांश-रेखांश दाखवणारं एक छोटं अ‍ॅप घेतलं आणि जाळी फाडणारे खडक वहीत उतरवत गेलो. ती वही अजून वापरात आहे.

चिपळूण, मोबाइल दुरुस्ती

मंडणगडच्या गुरुजींचा मित्र मीच. आमच्याकडे जूननंतर येणाऱ्या फोनांत निम्मं दुखणं चार्जिंगच्या पिनचं असायचं. दमट हवा, खारेपणा आणि त्यातून चालू असलेली वीज, यांनी पिनवर हिरवा गंज चढतो. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो निघतो, पण लवकर आणला तर. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, उलट पिठी पिनमध्ये जाऊन बसते. भिजला की बॅटरी काढा, चार्जिंगला अजिबात लावू नका, आणि तसाच घेऊन या.

मला राग यायचा तो वॉरंटीचा. बॅटरीखाली एक पांढरी चिकटपट्टी असते, पाणी लागलं की लाल होते. आमच्या हवेत सतत खिशात, घामात राहूनही ती लाल झालेली मी पाहिली आहे. गिऱ्हाईक बिचारं कोल्हापूरपर्यंत गाडीभाडं खर्चून जायचं आणि "पाण्यात पडलाय" हे ऐकून परत यायचं. त्यांच्याकडून मी साफसफाईचे पैसे घेत नसे.

अलिबाग

बाबांचा अँड्रॉइड २.३ चा फोन फेब्रुवारी २०२० पर्यंत चालला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने ती आवृत्ती सोडली. आता बाबा नाहीत. फोनात त्यांनी रेकॉर्ड केलेली भजनं आहेत, पण चार्जिंगची पिन मोडली आहे. काही करता येईल का?

चिपळूण, मोबाइल दुरुस्ती

ताई, नक्की येईल. आधी बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. फुगलेली असली तर ती गोल फिरते. तशी असेल तर पुन्हा वापरू नका, त्याच मापाची दुसरी घ्या. चांगली असली तर बाहेर चार्ज करायचा चिमट्याचा चार्जर मिळतो, त्यात भरा. फोन सुरू झाला की आवाजाच्या फाइली मेमरी कार्डावर हलवा. बहुधा त्या एएमआर प्रकारच्या असतील, आजच्या फोनवर सहसा तशाच वाजतात. त्या आधीच कार्डावर असतील तर फोन सुरू करायचीही गरज नाही, कार्ड काढून रीडरमध्ये घाला. फोन अजिबात सुरू झाला नाही तर मात्र फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसणं, कोणालाही करू देऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. चिपळूणला येणं झालं तर घेऊन या, पिन मी बसवून देतो.