रोध की प्रतिरोध?

भाषांतरी: विजेच्या उपकरणांची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. रेझिस्टन्सला, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याला, सगळीकडे 'रोध' लिहिलं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'प्रतिरोध' केलं, वर शेरा : 'रोध' असा सुटा शब्द मराठीत नाही. वाक्य असं आहे : '२३० व्होल्ट दाबाला १० अँपिअर प्रवाह घेणाऱ्या हीटरचा रोध २३ ओहम, शक्ती २३०० वॅट.' 'शक्ती'वरही (म्हणजे पॉवर) लाल रेघ. म्हणे 'सामर्थ्य' लिहा. काय करू?

खडूफळा: रोधच ठेवा. शाळेच्या पुस्तकांत दाबाला विभवांतर, प्रवाहाला विद्युतधारा, रेझिस्टन्सला रोध असंच आहे. 'विशिष्ट रोध'सुद्धा. प्रतिरोध हिंदीतून आलाय.

धातुशोध: प्रतिरोध संस्कृत आहे हो, हिंदीच्या नावावर कशाला लावता? विरोध, निरोध, अवरोध, अगदी अनुरोधही, सगळी 'रुध्'ची लेकरं. मात्र रस्त्यावरच्या उंचवट्याला आपण गतिरोधक म्हणतो, गतिप्रतिरोधक नाही. म्हणजे 'प्रति'वाचून काही अडत नाही.

वायरमन: कामावर रोध म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. 'कॉइलचा रेझिस्टन्स बघ' म्हणतात. दाब मात्र मुरलाय : उच्चदाब, लघुदाब. शब्द राहू द्या, त्या वाक्यात 'चालू असताना' घाला. तापल्यावर हीटरच्या नायक्रोम तारेच्या रोधात फार फरक पडत नाही, पण तारेच्या पिवळ्या दिव्यात पडतो. २३० व्होल्टच्या १०० वॅट दिव्याचा हिशेबाने रोध येतो ५२९ ओहम. थंड दिव्याला मीटर लावा, चाळीसच्या आसपास दाखवेल. मग गिऱ्हाईक म्हणणार, पुस्तिका चुकीची.

भाषांतरी: घालते. पण शक्ती की सामर्थ्य?

खडूफळा: बल, ऊर्जा, शक्ती ही वाटणी कधीच ठरलीय. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. 'अश्वसामर्थ्य' म्हणणारा दाखवा!

धातुशोध: आणि रोगप्रतिकारशक्ती? तिथे वॅट मोजता का? शक्ती हा शब्द इतका वापरून झालाय की त्याला नेमका अर्थच उरला नाही. तपासणाऱ्यांचं अगदीच चूक नाही.

भाषांतरी: आणखी एक. मूळ मजकुरात एके ठिकाणी रोध वाढला की शक्ती घटते म्हटलंय, दुसऱ्या ठिकाणी वाढते.

वायरमन: दोन्ही बरोबर. दाब तोच असेल तर दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे घटते. प्रवाह तोच असेल तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे वाढते. काय कायम आहे ते दोन्हीकडे लिहा.

धातुशोध: सूत्रात प्रवाहाला 'आय' का, माहितेय? फ्रेंचमधल्या 'तीव्रता' अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर. मराठीत सरळ 'ती' लिहावं.

वायरमन: दाब भागिले ती? शिकाऊ पोरं विचारतील, ती कोण?

खडूफळा: विनोद बाजूला ठेवा. सूत्रातली चिन्हं जगभर बहुतेक एकच असतात, ती बदलायची नसतात.

धातुशोध: मग शब्दच का बदलायचे? रेझिस्टन्स लिहा, मिटलं.

खडूफळा: असं म्हणत म्हणतच 'धारा' गेली आणि 'करंट लागला' राहिला.

वायरमन: आमच्यात शॉक बसतो. लागतो तो करंट मोटरला : 'हिला किती करंट लागतो?'

भाषांतरी: बरी आठवण केलीत. पुढच्या पानावर मोटरच आहे. तिथे दाब गुणिले प्रवाह एवढ्याने भागत नाही, पॉवर फॅक्टरनेही (दाब गुणिले प्रवाह यातला खरोखर कामी येणारा हिस्सा) गुणायचंय. त्याला काय लिहू?

खडूफळा: शक्तिगुणक.

धातुशोध: सामर्थ्यगुणक, तपासणाऱ्यांचं ऐकलंत तर.

वायरमन: पी.एफ.